ज्या दिंडीचा टाळ थांबत नाही

कोपरखैरण्याच्या ज्या भागात मी राहतो तिथे दर एकादशीला रात्री नऊनंतर भजन असते. मंडळी बहुतेक सातारा-सांगलीकडची, बाजार समितीत माथाडीचे काम केलेली किंवा अजून करणारी. हरिपाठ होतो, भजन होते, प्रसाद वाटला जातो, आणि मग घरी जायची घाई नसलेली पाच-सात माणसे बोलत बसतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी अशाच एका रात्री एक आजी माझ्यासमोर येऊन बसल्या. पदराच्या टोकाशी चाळा करीत म्हणाल्या, "सर, एक इचारू का? राग मानू नका."

मी म्हणालो, "विचारा आजी."

"माझ्या नातीच्या भुवईला त्या पोरानं कर्कटक मारलं. दोन टाकं पडलं. त्याला शाळेनं काय शिक्षा केली?"

मी म्हणालो, "शिक्षा अशी काही केली नाही. पण त्याच्यासाठी आम्ही प्रयत्न करतो आहोत. मी रोज मधल्या सुट्टीत त्याला वीस मिनिटे वाचायला शिकवतो."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ज्यानं मारलं त्याला शिकवणी. आन् जिला लागलं तिला काय?"

माउली, तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवले, पण त्या रात्री या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आजींनी ते ऐकून घेतले, 'राम कृष्ण हरी' म्हणाल्या आणि उठल्या. घरी आल्यावर मला झोप लागली नाही. प्रश्न साधा होता आणि न्याय्य होता. जे मूल वाईट वागते त्याच्यावर शाळेने अधिक वेळ, अधिक माया खर्च करावी, हा चांगले वागणाऱ्या मुलांवर अन्याय आहे की नाही?

या प्रश्नाकडे येण्याआधी मला माझ्याच एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे, कारण ती सांगितल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या टेबलावर लाकडी फूटपट्टी असे आणि ती रेघा मारण्यासाठी नसे. त्या काळी याचे कोणाला काही वाटत नव्हते. पालकच सांगत, "सर, हाडं आमची, मांस तुमचं." पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. दगडखाणीवर काम करणाऱ्या कुटुंबातला. तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंतच्या डोंगरांवर तेव्हा खाणी चालू होत्या आणि तिथल्या पालांतून, झोपड्यांतून मुले शाळेत येत. तो दर दोन दिवसांनी कोणाची तरी वही फाडायचा. एके दिवशी मी त्याच्या पालथ्या हातावर पट्टी मारली. एकदा नव्हे, बऱ्याचदा. तो रडला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. हजेरीपटावर महिनाभर गैरहजेरी मांडली, मग नाव कमी केले. वर्गात शांतता झाली. ती शांतता मला त्या वेळी आवडली, हेही सांगितले पाहिजे.

आता याच्या उलट बाजूची गोष्ट. बाजारात, लोकलमध्ये, लग्नात माझे जुने विद्यार्थी भेटतात. पाया पडतात. त्यांतला एखादा हमखास म्हणतो, "सर, तुम्ही तेव्हा मारलंत म्हणून आज माणसात आहे." हे ऐकून छाती फुगते. फार वर्षे मीही तसाच फुगत होतो. आपल्या समाजात छडीची बाजू घेणारी बहुतेक माणसे हाच पुरावा देतात: आम्हाला मारले, आमचे काय वाईट झाले? पण एकदा माझ्या मनात आले, हे सांगायला येतात ते कोण? जे टिकले ते. जो खाणीवरचा मुलगा निघून गेला, तो लग्नाच्या मांडवात माझ्या पाया पडायला येणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला त्याला निमंत्रण जात नाही. छडीने बिघडलेल्यांची साक्ष कोणी घेतच नाही. मग छडीने सुधारलेल्यांच्या साक्षीवर निकाल कसा द्यायचा?

पुढे कायदा आला. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 17व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला मनाई केली. मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येणार नाही, हेही त्याच कायद्यात आले. स्टाफरूममध्ये तेव्हा जे बोलणे झाले ते मला आठवते. "आता पोरं डोक्यावर बसणार." मीही मान हलवली होती.

खरे सांगायचे तर पोरे डोक्यावर बसली नाहीत, पण आम्ही शिक्षक मात्र गोंधळलो. हातातली पट्टी गेली आणि तिच्या जागी कोणी काही दिले नाही. मग पट्टीची जागा आवाजाने घेतली. वर्गाबाहेर उभे करणे, "उद्या पालकांना घेऊन ये" म्हणून घरी पाठवणे, सगळ्यांसमोर बापाच्या धंद्यावरून टोचून बोलणे. अंगाला हात न लावता मुलाला मारण्याचे मार्ग पुष्कळ असतात. कायद्याने काय करू नये ते सांगितले होते. काय करावे हे शाळेला स्वतः शोधायचे होते.

मला ते काही अंशी सापडले ते वारीत. आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण मला वाटले, कारण इतकी वर्षे मी ते डोळ्यांनी पाहत होतो आणि त्याचा शाळेशी संबंध आहे हे कधी लक्षात आले नव्हते.

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. दिवसभर चालून आलेल्या दिंड्या तळावर गोल करून उभ्या राहतात. शेकडो टाळ, मृदंग, नामाचा गजर. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार आपला चोप उंच करतो. क्षणात सगळे थांबते. त्या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ मात्र वाजत राहतो. तो बेशिस्तीने वाजत नसतो. त्या दिंडीची काहीतरी तक्रार असते, म्हणून तो वाजत असतो. ही खूण सगळ्यांना ठाऊक असते. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, काय झाले ते विचारतो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी पुकारतात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

त्या वर्षी लोणंदच्या तळावर उभा असताना माझ्या मनात लख्ख उजेड पडला. चोपदाराच्या हातात दंड आहे. तो उगारायचा नाही, उचलायचा आहे. आणि तो उचलल्यावर जी शांतता होते ती कशासाठी असते? आजवर मला वाटत असे, शांतता म्हणजेच शिस्त, तीच मिळवायची. इथे पाहिले तर शांतता ही सोय आहे. कोणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐकू यावे, यासाठीची सोय. सगळेच गजर करीत असते तर तक्रार असलेल्या दिंडीचा आवाज कोणाला कळला असता?

माझ्या वर्गात तसा एक टाळ वाजत होता, आणि मी दोन वर्षे त्याला 'थांब' म्हणून ओरडत होतो.

हाच तो कर्कटकवाला मुलगा. सहावीतला. वडील भाजीपाला बाजारात रात्रपाळीला. गाड्या रात्री लागतात, पहाटेपर्यंत उतरवणे चालते; सकाळी बाप घरी येऊन झोपतो. खोली एकच. बाप जागा होईपर्यंत घरात कोणी आवाज करायचा नाही, हा नियम. शाळा दुपारच्या सत्रात. म्हणजे हा मुलगा रोज सकाळचे पाच तास तोंड दाबून बसायचा आणि मग आमच्याकडे यायचा. ही गोष्ट मला दोन वर्षे माहीत नव्हती. आमच्या नवी मुंबईत अशी घरे किती आहेत! ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, बाजार, बंदर, सुरक्षारक्षकांच्या पाळ्या. रात्रीच्या कामावर चालणारे हे शहर आहे, आणि रात्री काम करणाऱ्यांची मुले दिवसा आमच्या वर्गात बसतात.

मी एक वही केली. कल्पना माझी नव्हती. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या एका ताईंनी एका प्रशिक्षणात सांगितली होती. महापालिकेचे वाशीला दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे ईटीसी केंद्र आहे. अशा केंद्रांतून काम करणाऱ्यांना ही पद्धत सवयीची असते. वहीत तीन रकाने. प्रसंगाच्या आधी काय चालले होते, मुलाने काय केले, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. मुलाविषयी विशेषण एकही लिहायचे नाही. 'उद्धट', 'मस्तवाल' हे शब्द वहीत चालत नाहीत. हे फार अवघड जाते. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा विशेषणे खोडली.

तीन आठवड्यांनी वही वाचली आणि मान खाली गेली. अकरांपैकी नऊ प्रसंग मराठीच्या नाहीतर इतिहासाच्या तासाला घडलेले. आधीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नोंद: एकेकाने उठून धडा वाचायचे चालू होते. वाचनाची पाळी त्याच्या बाकाजवळ आली की तो कोणाला तरी टोचायचा, पाडायचा, पुस्तक फेकायचा. आणि तिसऱ्या रकान्यात काय? माझीच करणी: "वर्गाबाहेर उभे केले."

त्याला वाचता येत नव्हते. तिसरीत असताना कुटुंब गावाहून इकडे आले, मध्ये काही महिने शाळा बुडाली, आणि जोडाक्षरांपाशी तो अडकला तो अडकलाच. सहावीच्या पोराने पन्नास जणांसमोर 'क्ष' वर अडखळण्यापेक्षा वाईट म्हणवून घेणे त्याला परवडत होते. मी त्याला बाहेर काढीत होतो, आणि त्याला बाहेरच जायचे होते. मी शिक्षा समजून जे देत होतो ते त्याच्या दृष्टीने बक्षीस होते.

नातीच्या भुवईला कर्कटक लागले तो दिवस या नऊंपैकी एक. तिची पाळी संपली होती. पुढची त्याची होती.

असे काम एका शिक्षकाच्या सद्भावनेवर चालत नाही, हे मला इथे आग्रहाने सांगायचे आहे. आपल्याकडे चांगल्या शिक्षकाचा विषय निघाला की साने गुरुजींचे नाव येते, आणि ते यावेच. 1924 ते 1930 ही सहा वर्षे गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथल्या छात्रालयाचे काम पाहत होते. मुलांनी पसारा केला तर रागावण्याऐवजी ते स्वतः खोली झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, आणि मुले लाजून आपली आपण करू लागत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत आले. पुढे ज्यांनी 1947 च्या मे महिन्यात विठ्ठलाचे मंदिर दलित बांधवांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले ते हेच गुरुजी. कोणालाही बाहेर ठेवायचे नाही, हा त्यांचा ध्यास वर्गातही तोच आणि राउळाच्या दारातही तोच. पण मला नेहमी एक शंका येते. गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहात गेले, त्यानंतर त्या छात्रालयात घड्या कोण घालीत होते? संत माणूस वर्षाला एक मिळत नाही आणि शाळा मात्र गावोगाव आहेत.

याच्या शेजारी हैबतबाबांना ठेवून पाहा. आरफळचे हैबतबाबा लष्करी शिस्तीत वाढलेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले: दिंड्यांचे क्रमांक, रथापुढे कोण, रथामागे कोण, चोपदारांची कामे, मुक्काम, वेळा. बाबा गेले त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. चोप उचलला की आजही लाखोंचा तळ शांत होतो. चोपदार बदलले, दिंड्यांतली माणसे बदलली, तक्रार ऐकण्याची रीत राहिली. माया माणसाबरोबर जाऊ शकते. तिची रीत घातली की ती मागे उरते.

शाळेत अशी रीत म्हणजे काय, हे दूरदेशीच्या लोकांनीही शोधले आहे. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातील अभ्यासकांनी 1990च्या दशकात शाळांसाठी एक पद्धत बसवली, आणि 1997 साली तिथल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातही मुलाच्या वागणुकीला असा आधार देण्याचा विचार आला. तिचा ढोबळ हिशेब असा. शंभर मुलांपैकी सुमारे ऐंशी मुलांना सगळ्यांसाठी असलेले नियम नीट शिकवले, आठवण दिली, चांगले वागल्याची दखल घेतली, की पुरते. पंधरा-एक मुलांना त्याहून थोडी जास्त मदत लागते; छोट्या गटात बसवून किंवा रोज सकाळी एखाद्या मोठ्या माणसाने दोन मिनिटे विचारपूस करून. उरलेल्या पाचांसाठी मात्र एकेकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो, तीन रकान्यांच्या वहीसकट. माझ्या पन्नासांच्या वर्गात म्हणजे अशी दोन-तीन मुले. दोन-तीनच! आणि आम्ही त्या तिघांवर चिडून सत्तेचाळीस जणांवर ओरडत होतो.

यातला पहिला भाग आपल्याकडे सगळ्यांत दुबळा. नियम आम्ही भिंतीवर रंगवतो, शिकवत नाही. दिंडीत नवा माणूस आला तर त्याला पावली येत नाही म्हणून कोणी बाहेर काढत नाही. दोन जुन्या टाळकऱ्यांमध्ये त्याला उभा करतात. त्यांचे पाय पाहून तिसऱ्या दिवशी त्याचे पाय पडू लागतात. तसे आम्ही केले. पाण्याच्या नळावर रांग कशी लावायची, खिचडी घेताना ताट कसे धरायचे, मास्तर दुसऱ्याशी बोलत असताना आपल्याला काही हवे असेल तर काय करायचे, हे जून महिन्यात गणितासारखे शिकवले. करून दाखवले, करून घेतले. काही सहकारी हसले. "सहावीच्या पोरांना रांग शिकवता?" पण दिवाळीपर्यंत नळावरची मारामारी इतकी कमी झाली की हसणाऱ्यांपैकी एका बाईंनी स्वतःच्या वर्गात तेच सुरू केले. परदेशात या पद्धतीत कुपने, चांदण्या, बक्षिसे फार वाटतात. ते मला पटत नाही. चांगले वागल्यावर मिळणारी चांदणी थोड्या दिवसांत चांगले वागण्याची किंमत होऊन बसते. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, 'आज तू थांबलास, मी पाहिले' एवढे म्हटले, तरी ते दिवसभर पुरते, असा माझा अनुभव.

अडचणी मोठ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिक्षकामागे निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. दुपारच्या सत्रात वर्ग रिकामा होण्याची वाट पाहावी लागते. वही लिहायला रोज दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे कुठून काढायची याचे उत्तर मला शेवटपर्यंत धड सापडले नाही. बहुतेक दिवशी मी ती लोकलमध्ये लिहिली. मुख्याध्यापिका बाईंनी एक गोष्ट मात्र केली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही चार शिक्षक बसायचे आणि त्या आठवड्यात कोणाचा टाळ वाजत राहिला एवढेच बोलायचे. मुलाची निंदा सुरू झाली की बाई पेन टेबलावर आपटायच्या. तो आमचा चोप.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो.

झोप न लागलेल्या त्या रात्री मला जे उमगले ते असे. मुलाला वाचायला शिकवले यात माझी चूक नव्हती. चूक दुसरीच होती. समाजआरतीत चोपदार एकाच दिंडीकडे जाऊन परत फिरत नाही. जितके टाळ वाजत असतील तितक्या ठिकाणी तो जातो. मी एका मुलाची तक्रार शोधण्यात इतका रंगलो होतो की जिच्या भुवईला टाके पडले तिच्याकडे गेलोच नव्हतो. डॉक्टरांकडे नेले, घरी कळवले, दोन दिवस सुट्टी दिली. शाळेच्या दृष्टीने प्रकरण मिटले. तिला काय हवे आहे, असे तिला कोणीही विचारले नाही. ज्याने मारले त्याच्यावर दया करणे सोपे असते, कारण त्यात आपण मोठे होतो. जिला लागले तिच्यापुढे उभे राहिले की आपलाही दोष दिसतो: तुझ्या शेजारी मी त्याला बसवले होते, आणि धोका माहीत असून कर्कटक त्याच्या हातात राहू दिला.

पसायदान आपण रोज म्हणतो. त्यात ज्ञानोबांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. हे आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. पण त्याच पसायदानात पुढे सगळ्या जीवांचे मागणे आहे. वाकडेपणा गेला तर तो कोणासाठी गेला? ज्याला त्याचा त्रास होत होता, त्याच्यासाठीही. मी पहिले वाक्य घेतले होते आणि पुढचे सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला विचारले. ती इतकी हळू बोलायची की खाली वाकून ऐकावे लागे. मला वाटले होते, ती म्हणेल त्याला माफी मागायला लावा. ती म्हणाली, "सर, वर्गासमोर माफी नको. सगळे परत माझ्याकडे बघतील." मग बऱ्याच वेळाने: "माझी जागा बदला. खिडकीजवळ, पुढे. आणि तो नळावर असताना मला जायचं नाही." एवढेच. जागा त्याच दिवशी बदलली. पाणी पिण्याच्या वेळा वेगळ्या केल्या. त्याची कंपासपेटी वर्गाच्या कपाटात राहू लागली. भूमितीच्या तासाला माझ्या हातून घ्यायची, तास संपला की परत द्यायची. ही त्याला शिक्षा होती का? तो तिला शिक्षाच म्हणायचा. मी तिला त्या मुलीची सुरक्षितता म्हणायचो. कदाचित दोघांचेही खरे असेल. मला मारणे अमान्य आहे, परिणाम भोगायला लावणे अमान्य नाही. केलेल्या गोष्टीचा भार मुलाने थोडा वाहिलाच पाहिजे, पण तो भार त्याला उचलता येईल एवढा असावा आणि उचलताना कोणी हसणारे नसावे.

या निमित्ताने एक गोष्ट मात्र माझ्या लाडक्या दृष्टान्ताला छेद देऊन गेली. तक्रार असलेली दिंडी टाळ वाजवते, हे ठीक; पण ज्या मुलाच्या हातात टाळच नाही त्याचे काय? ही मुलगी पहिलीपासून गप्प होती. हजेरीला 'उपस्थित' म्हणायची आणि दिवसभरात दुसरे काही बोलायची नाही. प्रगतिपुस्तकावर आम्ही पाच वर्षे 'शांत व शिस्तप्रिय' असा शेरा लिहीत होतो. खिडकीजवळ बसायला लागल्यावर कळले, तिला मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नव्हता. चष्मा लागला. गडबड करणाऱ्या मुलासाठी मी वही केली होती. न बोलणाऱ्यांसाठी वही कोणी करीत नाही. शाळेत तक्रारपेटी होती. तिची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला दोन दिवस लागले, आणि आत एक जुनी लग्नपत्रिका निघाली. त्यानंतर आमच्या शनिवारच्या अर्ध्या तासात दुसरा प्रश्न आला: या आठवड्यात कोणाचा आवाज मुळीच ऐकू आला नाही?

इथे मला मुक्ताई आठवते. ज्ञानदेव रुसून ताटी लावून आत बसले तेव्हा त्यांनी कसलीच गडबड केली नव्हती. बाहेर शांतताच होती. त्या लहानग्या बहिणीने ती शांतता ऐकली, दाराशी बसली, दार फोडले नाही आणि सोडूनही गेली नाही. ताटीचे अभंग आपण गोडीने गातो. बंद दाराशी किती वेळ बसावे लागते याचा हिशेब त्यात नाही. शिक्षकाला तो ठेवावा लागतो, कारण पस्तीस मिनिटांनी पुढच्या तासाची घंटा होते.

मुलाचे काय झाले, असे वाचकांना वाटत असेल. जादू झाली नाही. वर्षअखेरीस तो चौथीचे पुस्तक अडखळत का होईना वाचू लागला. वाचनाची पाळी त्याला आदल्या दिवशी सांगायची आणि दोनच ओळी द्यायच्या, असे ठरले, तेव्हापासून तासाला टोचणे जवळजवळ थांबले. पण मैदानावर त्याने त्यानंतरही दोनदा मारामारी केली, आणि एकदा माझ्याशी इतके वाईट बोलला की मी आठवडाभर मधल्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो नाही. ते मी करायला नको होते. माझ्या निवृत्तीनंतर त्याची वही दुसऱ्या सरांकडे सोपवली. ते ती लिहितात की नाही, हे मी एकदा विचारले. पुन्हा विचारायचे आहे.

पुढच्या एकादशीला भजन झाल्यावर मी आपण होऊन आजींपाशी जाऊन बसलो. जागा बदलल्याचे, नळाचे, चष्म्याचे सांगितले. आणि तुमच्या नातीकडे मी आधी जायला हवे होते, हेही सांगितले. आजींनी सगळे ऐकले. चष्म्याचे ऐकून डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "ते समदं बरं केलंत सर. पर त्या पोराला एकदा तरी वाटलं का, की आपन वाईट केलं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही आजी."

"मंग इचारा त्याला," त्या म्हणाल्या, "आन् पुढच्या एकादशीला मला सांगा."

मी त्याला विचारले. तो बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी उकरत राहिला आणि मग म्हणाला, "तिला अजून दुखतं का?" हे मी आजींना सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले, असे मला वाटत नाही. त्यांनी फक्त मान हलवली, आणि वीणा खाली ठेवायची राहिली होती ती नीट ठेवायला उठल्या.